अजिंठ्यास जाताना : साथीच्या काळातील अनुभव व काही सूचना



आमच्या संस्थेच्या मासिक सभेत विषयपत्रिका संपली, की कोणी ना कोणी हमखास विचारतो, "अजिंठ्याची सहल केव्हा?" जळगावकरांना अजिंठा म्हणजे परसदारच. अंतर अवघे साठ किलोमीटरच्या आसपास. धुळ्याच्या सभासदांना पारोळा, एरंडोल करीत दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, तरी सकाळी निघून रात्री घरी येता येते. वर्षानुवर्षे आम्ही ही सहल नेत आलो. एक गाडी ठरवायची, डबे बांधायचे, फर्दापूरला उतरायचे. त्यात समजावून सांगण्यासारखे काही आहे असे कधी कोणाला वाटले नव्हते.

मार्च २०२० नंतर हे चित्र पालटले. देशभर टाळेबंदी लागली आणि लेणीही बंद झाली. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती आपण घरातच दिवा लावून साजरी केली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघणारी पावले घरूनच अभिवादन करती झाली. जून २०२० च्या सुमारास आपल्या जळगाव जिल्ह्यातील मृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक होते, हे वाचकांना आठवत असेलच. त्या दिवसांत कोणाच्या घरी सांत्वनाला जाण्याचीही सोय राहिली नव्हती. म्हणून १० डिसेंबर २०२० रोजी अजिंठा व वेरूळची लेणी पुन्हा उघडल्याची बातमी आली, तेव्हा लोकांना केवढा हुरूप आला असेल याची कल्पना करता येईल. रोज सकाळी एक हजार व दुपारी एक हजार एवढ्यांनाच प्रवेश होता आणि तिकीट आधी मोबाइलवर काढावे लागे. तरीही आम्ही जानेवारी २०२१ मध्ये चौदा जणांची एक लहान सहल नेली.

त्या सहलीत आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढच्या सूचनांना अर्थ राहणार नाही, म्हणून प्रथम तीच सांगतो.

चौदा जण, दोन क्रूझर गाड्या. निघताना प्रत्येकाच्या हातावर औषधी द्राव टाकला. पिशव्या, चपला, एवढेच काय, जेवणाच्या डब्यांची झाकणेसुद्धा आम्ही फवारून घेतली. लेण्यांत सर्वांच्या तोंडाला मुखपट्टी होती आणि दोन माणसांत हातभर अंतर होते. पहारेकऱ्यांनीसुद्धा आमच्या शिस्तीबद्दल चांगले उद्गार काढले. संध्याकाळी परतीच्या वाटेवर थंडी वाजू लागली, म्हणून मागच्या गाडीतील मुलांनी काचा वर केल्या. दिवस सुखरूप पार पडला या आनंदात मुखपट्ट्या गळ्यात आल्या आणि भीमगीते सुरू झाली. जळगावच्या वेशीपर्यंत, दीड तास, एकामागून एक गाणी. पाचव्या दिवशी त्या गाडीतील एका विद्यार्थ्याला ताप आला. आठवडाभरात त्याच गाडीतील आणखी तिघांचा तपास बाधित आला. पुढच्या गाडीतील एकालाही काही झाले नाही. मुले चार दिवसांत उठून बसली. परंतु त्यांपैकी एकाच्या आजोबांना दवाखान्यात अकरा दिवस प्राणवायूवर काढावे लागले. आजोबा घरी परत आले. सहलीचे नियोजन आमचे होते. त्या अकरा दिवसांत त्या घराच्या दारात उभे राहून विचारपूस करताना मान वर करणे आम्हाला कठीण गेले.

चूक नेमकी कोठे झाली, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. काही सभासद म्हणत, लेण्यांतच बाधा झाली असणार. काही म्हणत, फर्दापूरच्या चहाच्या पेल्यांतून. पुढे वाचन केले, आपल्या समाजातील डॉक्टर मंडळींशी बोललो, तेव्हा उलगडा झाला. हा आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो. आपण बोलतो, खोकतो, गातो तेव्हा तोंडातून अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात. पण बारीक कण उदबत्तीच्या धुराप्रमाणे हवेत तरंगत राहतात. खोली बंद असेल तर ते तासन् तास टिकतात, आणि वारा खेळता असेल तर पांगून जातात. साध्या श्वासापेक्षा बोलण्यातून असे कण अधिक निघतात, आणि मोठ्याने गाण्यातून त्याहून पुष्कळ अधिक. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाची तालीम झाली. हजर ६१ जण होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले व दोघे दगावले. त्या मंडळींनीही हात धुतले होते, हस्तांदोलन टाळले होते. आमची क्रूझर म्हणजे त्या तालमीची लहान आवृत्तीच होती.

डब्यांची झाकणे फवारण्यात आम्ही जो वेळ घालवला, तो काचा उघड्या ठेवण्यावर लक्ष देण्यात घालवला असता तर बरे झाले असते. हात धुणे चांगलेच, ते सोडू नये. पण धोका हाताला कमी आणि हवेला जास्त होता, हे कळायला आम्हालाच काय, मोठमोठ्या संस्थांनाही वेळ लागला.

आता लेण्यांकडे वळू. श्वासाचा हा विचार अजिंठ्याला नवा नाही, हे आम्हाला याच निमित्ताने समजले.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, कातळात ही तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांतील ९, १०, १९, २६ व २९ क्रमांकाची चैत्यगृहे, बाकीचे विहार. दहावे लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, तर पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या विहारांतील प्रसिद्ध चित्रे वाकाटक काळातील, म्हणजे सुमारे पाचव्या शतकातील. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी गवाक्षे असतात. छत उंच असते. त्यामुळे तेथे हवा बऱ्यापैकी खेळते. विहाराचे तसे नाही. पुढे ओसरी, मग मधला दरवाजा व दोन-चार खिडक्या, आत खांबांचा चौकोनी मंडप, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या आणि थेट मागे बुद्धमूर्तीचा गाभारा. तिन्ही बाजू डोंगरात. आत गेलेली हवा बाहेर यायला वाट एकच, ती पुढची. म्हणजे जेथे चित्रे सर्वांत चांगली, तेथेच हवा सर्वांत कोंडलेली. आणि चित्रे तेथे म्हणून गर्दीही तेथेच.

उघड्यावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपल्या उच्छ्वासात तो शेकडा चार, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार भाग असतो. शिवाय उच्छ्वास दमट व उबदार असतो. अजिंठ्याची चित्रे दगडावर थेट काढलेली नाहीत. मातीत भुसा, गवत, वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला, त्यावर पांढरा पातळ हात दिला आणि मग रंग भरले. असा गिलावा ओल शोषतो, फुगतो, सुकला की आकसतो. दमटपणात बुरशी धरते, किडे वाढतात. माणसांच्या श्वासाने चित्रे खराब होतात, म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसे सोडण्याचा पुरातत्त्व खात्याचा नियम साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. खाजगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून तेथून एस.टी.च्या बसने नेण्याची व्यवस्थाही गाड्यांच्या धुरापासून लेण्यांचे रक्षण व्हावे म्हणूनच आहे. पूर्वी आमचेच सभासद दरवाजाशी पहारेकऱ्याशी हुज्जत घालीत, "आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला काय अडवता?" हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे. ज्या नियमाने पद्मपाणीचा रंग वाचतो, त्याच नियमाने आपल्या आजोबांचा श्वासही वाचतो, हे पटल्यापासून ती हुज्जत थांबली.

आणि ही चित्रे किती नाजूक आहेत, त्याची एक हकिगत आपल्या भुसावळशी जोडलेली आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या चित्रकाराने वर्षानुवर्षे येथे राहून चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही बऱ्याचशा लंडनलाच १८८५ च्या आगीत गेल्या. गिलची कबर भुसावळला आहे. सहलीतल्या किती जणांना हे ठाऊक असते? नकला अशा गेल्या, १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन कारागीर आणून लावलेले रोगण पुढे पिवळे पडले, आणि उरले ते भिंतीवरचे मूळ. फर्दापूरजवळ २०१३ साली पर्यटक केंद्र उघडले. त्यात १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, त्या मूळ लेण्यांवरचा भार हलका व्हावा म्हणूनच. ते केंद्र सतत चालू राहू शकले नाही ही खेदाची गोष्ट होय. असो.

पहिल्या सहलीनंतर दुसरी सहल आम्हाला लवकर नेता आली नाही. एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आपण सर्वांनी भोगली. संस्थेचे चार जुने सभासद त्या दोन महिन्यांत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा बेत ठरवला, तर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात पर्यटनस्थळी जाण्यासाठी लसीची किमान एक मात्रा घेतल्याचा दाखला आवश्यक करण्यात आला आणि आमच्या यादीतील सात नावे गळाली. त्या सातांपैकी पाच जणांनी पुढे लस घेतली, हा त्या आदेशाचा लाभच म्हणावा लागेल. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली. अखेर २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापासून राज्य शासनाने सर्व निर्बंध उठविले, मुखपट्टीही ऐच्छिक झाली.

निर्बंध उठले म्हणजे साथ संपली, असा अर्थ अनेकांनी घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले ते ५ मे २०२३ रोजी, म्हणजे त्यानंतर तेरा महिन्यांनी. या मधल्या काळात काय करावे, हे कोणताही शासकीय आदेश सांगत नव्हता. ते आपले आपल्यालाच ठरवायचे होते. त्यात अडचण होती ती वडीलधाऱ्यांची. आमच्या एका उपासिका आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. पती दुसऱ्या लाटेत गेले. त्या सभेत उभ्या राहून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "डोया मिटाना आधी माले लेणी देखनी शे." त्यांना नको म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, आणि घेऊन जाण्याची छातीही होत नव्हती.

शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये एकतीस जणांची सहल गेली. आजी त्यात होत्या. त्या वेळी आम्ही जे नियम केले, तेच आजही चालू आहेत. साथ कोणतीही असो, फ्लू असो वा आणखी काही, ते उपयोगी पडतात असा आमचा अनुभव आहे.

पहिला व आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम पैशांचा आहे. ताप, खोकला, घसा दुखणे यांपैकी काहीही असल्यास सभासदाने आदल्या रात्रीपर्यंत कळवावे, त्याची पूर्ण वर्गणी परत मिळेल. पूर्वी आम्ही अर्धी कापून घेत होतो. हातावर पोट असलेला माणूस चारशे रुपये बुडतील म्हणून ताप लपवून गाडीत बसतो. त्यात त्याचा दोष नाही, नियमाचा आहे. सप्टेंबरच्या सहलीत तिघांनी असे कळवले. घरी करावयाचे तपासणी संच २०२१ पासून देशात मिळू लागले होते. संस्थेने त्यांतील दहा आणून ठेवले. तिघांपैकी एकाला बाधा निघाली. वर्गणीची तूट आम्ही किरकोळ निधीतून भरून काढली.

गाडी वातानुकूलित घेत नाही. काचा दोन्ही बाजूंच्या, पुढची एक व मागची एक अशा, चार बोटे तरी उघड्या ठेवायच्या. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असल्या की हवा आरपार जाते, एकच उघडून फारसा उपयोग होत नाही. थंडी वाजली तर शाल घ्यावी. गाणी म्हणायची ती उतरल्यावर, नदीकाठच्या झाडाखाली. याबद्दल मुलांनी कुरकूर केली, पण क्रूझरची हकिगत सांगितल्यावर ऐकले. फर्दापूर ते लेणी ही बसही विसरू नये. दिवसभरात माणसे सर्वांत दाटीने बसतात ती याच दहा-पंधरा मिनिटांत. तेथे मुखपट्टी लावावी, आणि फार गर्दी असेल तर पुढच्या बसची वाट पाहावी.

लेण्यांचा क्रमही आम्ही उलटा केला. सर्व सहली एक नंबरपासून सुरुवात करतात. त्यामुळे दहा-साडेदहाला पहिल्या व दुसऱ्या लेण्यापुढे रांग लागते. आम्ही नऊला दार उघडताच सरळ शेवटाकडे, सव्विसाव्या चैत्यगृहाकडे जातो. तेथील महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती त्या वेळी शांतपणे पाहता येते. आजी तेथे वीस मिनिटे बसून राहिल्या. कोणी घाई केली नाही. तेथून सतरा, सोळा, मग दहा, नऊ आणि शेवटी दोन व एक असे परत यावे. चित्रांच्या विहारात गटाने शिरू नये. आठ-दहा जण आत, बाकीचे ओसरीत. आतले बाहेर आले की पुढचे. माहिती सांगणाऱ्याने ती बाहेर ओसरीतच सांगावी आणि आत सर्वांनी मौन पाळावे. सतराव्या लेण्यातील वेस्सन्तर जातकाची कथा बाहेर ऐकून आत गेलेला विद्यार्थी ती भिंतीवर स्वतः शोधतो. आत उभे राहून ऐकणारा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. हा लाभ आम्ही योजला नव्हता, आपोआप पदरात पडला.

जेवण उघड्यावर, झाडाखाली. जेवताना मुखपट्टी निघणारच, म्हणून तेव्हाच मोकळी हवा हवी. मात्र डोंगराच्या कड्यावर आग्या मोहोळे असतात. धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये. साथीच्या भीतीने उघड्यावर बसावे आणि मधमाश्यांनी पाठ धरावी, असे होऊ नये!

आजार होऊन गेलेल्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ताप उतरल्यावरही अनेकांना महिनोन् महिने धाप लागते. लेण्यांच्या पायऱ्या तरुणांना काहीच नाहीत, पण अशा माणसाला त्या भारी पडतात. त्याने आधी घरचा जिना दोनदा चढून पाहावा. छातीत धडधडले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये. तेथे डोली मिळते. तिचा दर बसण्याआधी ठरवून घ्यावा. आजींसाठी आम्ही डोली केली. त्या आधी "माणसाच्या खांद्यावर बसू का मी?" म्हणून तयारच होईनात. शेवटी डोलीवाल्या भाऊंनीच त्यांची समजूत घातली.

धुळे भागातील ज्यांना एवढा प्रवास नको, त्यांना चाळीसगावजवळचे पितळखोरे सुचवावेसे वाटते. तीही इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी, गौताळ्याच्या जंगलातील, आणि तेथे गर्दी फारच थोडी. पायऱ्या मात्र पुष्कळ उतराव्या लागतात. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर १९३७ साली बाबासाहेब मुक्कामास होते, त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. डोंगरावरची मोकळी जागा असल्याने तेथे वाऱ्याची चिंता नाही. काळजी घ्यावयाची ती जाताना-येताना खच्चून भरलेल्या गाड्यांत.

सप्टेंबरच्या सहलीनंतर आम्ही दहा दिवस सर्व एकतीस घरी फोन करून विचारपूस केली. दोघांना सर्दी झाली होती, दोघांच्याही तपासात बाधा निघाली नाही. आजींनी मात्र फोनवर आम्हालाच विचारले, की पुढच्या खेपेला वेरूळ दाखवाल का.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात व वेरूळची मंगळवारी, हे लक्षात घेऊनच वार ठरवावा. शनिवार-रविवार टाळावा. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, परंतु शाळेचे ओळखपत्र बरोबर असू द्यावे. सहलीची नावे संस्थेच्या कार्यालयात नोंदवताना घरातील एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक व चालू असलेली औषधे लिहून देण्याची कृपा करावी.